नाबरांच्या फोटोतली तबकडी

अंधेरीला स्टेशनच्या पश्चिमेकडे, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत विद्याधर नाबरांचा फोटो स्टुडिओ होता, आणि त्या स्टुडिओत मेलेली माणसं जिवंत माणसांच्या शेजारी खुर्ची टाकून बसत. यात भुताखेताचा काही संबंध नव्हता. कुणाचे वडील वारायचे, आणि मागे त्यांचा एकुलता एक फोटो उरायचा. तोही कुठल्या तरी लग्नातल्या घोळक्यात, तिसऱ्या रांगेत, अर्धं डोकं दुसऱ्याच्या फेट्याआड. मग घरची मंडळी तो फोटो रुमालात गुंडाळून नाबरांकडे आणायची. नाबर त्या घरच्या बाईला एका खुर्चीत बसवायचे, शेजारची खुर्ची रिकामी ठेवायचे आणि फोटो काढायचे. आठ-दहा दिवसांनी फोटो हातात मिळे तेव्हा त्या रिकाम्या खुर्चीत गृहस्थ कोट-टोपी घालून, गुडघ्यावर हात ठेवून व्यवस्थित बसलेले असत. याला नाबर जोडकाम म्हणायचे.

हे काम ते जीव ओतून करत. मेलेल्या माणसाची सावली जिवंत माणसाच्या सावलीच्या बाजूलाच पडली पाहिजे, एवढ्यासाठी दोन-दोन दिवस घालवत. मुली दाखवायच्या फोटोंचंही तेच. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या, जे काही नको असेल ते निगेटिव्हच्या काचेवर अणकुचीदार पेन्सिलीने केसासारख्या बारीक रेघा मारून भरून काढायचं, म्हणजे कागदावर चेहरा तुकतुकीत उमटतो. धंद्यात याला टचिंग म्हणतात. नाबरांच्या हातचं टचिंग भिंग लावल्याशिवाय ओळखता येत नसे. नाबरांकडे फोटो काढलेल्या मुलीला सासरच्यांनी बोहल्यावर ओळखलं नाही तर मुलीला दोष देऊ नका, अशी गल्लीत थट्टा चालायची. नाबरही हसायचे. आपण करतो त्यात खोटं काय आहे, हा प्रश्न त्यांना बावीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. लोक डोळे पुसत फोटो घेऊन जात होते, आणखी काय पाहिजे?

चोपन्न सालच्या शेवटी शेवटी वर्तमानपत्रांत उडत्या तबकड्यांचं पेव फुटलं होतं. आज अमेरिकेत दिसली, उद्या फ्रान्सात उतरली, परवा कुणा शेतकऱ्याच्या गाईच्या डोक्यावरून गेली. नाबरांचे शेजारी श्यामकांत गुप्ते एका विमा कचेरीत हेडक्लार्क होते. ते रविवारी सकाळी पेपर घेऊन स्टुडिओत येत आणि चहाच्या बदल्यात बातम्या वाचून दाखवत. तबकडीचा फोटो आला की नाबर भिंग काढत आणि दोन मिनिटांत निकाल देत. "ही टोपी आहे. हा दिव्याचा शेड आहे, वरचा दोरा पुसलाय, आणि पुसायची अक्कल नाही गाढवाला. हे तर सरळ जोडकाम." गुप्ते मांडीवर थाप मारून हसत. तबकडीवर विश्वास न ठेवणाऱ्यांची अंधेरीत शर्यत लावली असती तर नाबर पहिले आले असते. म्हणून तर पुढचं सगळं त्यांना इतकं झोंबलं.

डिसेंबरच्या एका रविवारी मनोरीला एका डॉक्टरांच्या बंगलीवर घरच्या मंडळींचा फोटो काढायचा होता. मुलगी नलू लग्न होऊन बडोद्याला गेल्यापासून घरात दोघंच, म्हणून पद्मजाबाईही बरोबर निघाल्या. काम आटोपून होडीने खाडी ओलांडून दोघं मार्व्याच्या धक्क्याला उतरले तेव्हा साडेचार वाजले असतील. नाबरांच्या पेटीत एक काच कोरी उरली होती.

"उभी राहा तिथे," ते म्हणाले.

"माझा कशाला?"

"घरात फोटोवाला असून लग्नानंतरचा माझा एक फोटो नाही, असं चारचौघांत सांगत असतेस ना? राहा मग उभी."

पद्मजाबाई धक्क्याच्या कडेला खाडीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. वाऱ्याने पदर सारखा उडत होता, तो सावरता सावरता त्यांना हसू फुटलं. नाबरांनी तीन पायांच्या तिकाटण्यावर कॅमेरा लावला, काळ्या फडक्यात डोकं घालून चेहरा नीट जुळवला, काच सरकवली आणि फडक्यातून बाहेर येऊन कॅमेऱ्याच्या शेजारी उभे राहिले. हातात रबरी फुगा. तो दाबला की फोटो निघणार.

आणि त्यांना ती दिसली. पद्मजाबाईंच्या डोक्याच्या वर, मनोरीच्या माडांच्या शेंड्यांपासून बरीच उंच. तांब्यावर ठेवायच्या ताटलीएवढी दिसत होती. करडी, कडेला उजळ, खालून जराशी फुगीर. आवाज नाही. सांताक्रूझला उतरणारी विमानं नाबर रोज पाहायचे, हे विमान नव्हतं. घार नव्हती, पतंग नव्हता. वारा एवढा असून ती हलत नव्हती.

इथे नाबरांच्या जिभेने त्यांचा घात केला. दुसरा कुणीही माणूस ओरडला असता, "ते बघ!" नाबर ओरडले, "हलू नकोस!" हातात फुगा असला की त्यांच्या तोंडून बावीस वर्षं हेच दोन शब्द निघत आले होते. मांडीवर मूल असलेल्या आयांना, बोहल्यावरच्या नवरदेवांना, दातखीळ बसल्यासारख्या बसलेल्या म्हाताऱ्यांना, सगळ्यांना हेच. "हलू नकोस, अजिबात हलू नकोस!" आणि पद्मजाबाई शहाण्या बाईसारख्या अजिबात हलल्या नाहीत. नाबरांनी फुगा दाबला. ती वस्तू क्षणभर तशीच राहिली, मग समुद्राच्या बाजूला सरकली आणि नाहीशी झाली.

"मागे बघ! अगं, मागे बघ!"

त्या वळल्या. मागे खाडी होती, माड होते, आभाळ होतं. होडीवाला होडीच्या तळाशी वाकून पाणी उपसत होता. त्यालाही काही दिसलं नव्हतं.

"काय होतं हो?"

"तबकडी," नाबर म्हणाले, आणि तो शब्द स्वतःच्याच तोंडून ऐकून त्यांना लाज वाटली.

पद्मजाबाईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "चला, टांगा जाईल."

घरी आल्या आल्या नाबरांनी अंधाऱ्या खोलीत शिरून काच औषधाच्या पाण्यात धुतली. लाल दिव्यासमोर धरली तर होती! पद्मजाबाईंच्या डोक्यावर, आभाळात, स्पष्ट. नाबर त्या अंधाऱ्या खोलीत एकटेच मोठ्याने हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी काच वाळल्यावर ते उत्तरेच्या खिडकीशी आपल्या उतरत्या मेजाशी बसले. सूर्य पद्मजाबाईंच्या पाठीशी आल्यामुळे चेहरा काळवंडला होता. नाबरांनी पेन्सिलीला टोक काढलं, डोळ्यांखालच्या सावल्या भरल्या, आणि डाव्या भुवईवरचा व्रण भरला. लहानपणी वेंगुर्ल्याला विहिरीच्या धोंड्यावर पडून झालेला तो व्रण त्यांनी लग्नाच्या फोटोतही असाच भरला होता. आभाळाकडे त्यांनी पेन्सिल नेलीसुद्धा नाही. पुढे जो तो विचारायला लागला, अहो, एवढ्या महत्त्वाच्या काचेवर तुम्ही पेन्सिल लावलीतच का? याला उत्तर काय देणार? जेवल्यावर हात का धुतलेत, असं विचारण्यासारखं होतं ते. काच मेजावर आली की पेन्सिल हातात येते. आणि फोटो बायकोचा होता.

त्यांनी तीन प्रती काढल्या. एक घरी ठेवली, दोन गुप्ते हट्टाने एका दैनिकाच्या कचेरीत घेऊन गेले. "नाबर, नशीब काढलंस तू!" असं म्हणत ते जवळजवळ पळतच गेले.

गुरुवारी फोटो छापून आला. 'अंधेरीच्या छायाचित्रकाराने टिपली उडती तबकडी.' पद्मजाबाई त्यात नव्हत्या. पेपरवाल्यांनी खालचा भाग कापून नुसतं आभाळ छापलं होतं. त्या दिवशी नाबरांचं त्याकडे लक्षही गेलं नाही. गल्लीत लोक थांबून बोलत होते, वाण्याने दुकानातून खाली उतरून नमस्कार केला, विलेपार्ल्याहून कुणी मास्तर वर्गातल्या मुलांना सांगण्यासाठी सगळी हकिगत लिहून घेऊन गेले. नाबर प्रत्येकाला अथपासून सांगत होते, कंटाळत नव्हते.

हे कौतुक चार दिवस टिकलं. सोमवारी त्याच पेपरात बोरिवलीच्या एका वाचकाचं पत्र आलं. 'सदर छायाचित्रकारास मी चांगला ओळखतो. माझ्या धाकट्या भावाच्या मुंजीच्या फोटोत त्यांनी आमच्या काकांना पंगतीत बसवले आहे. काकांना जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. जो गृहस्थ मृतांस लाडू खाऊ घालतो, त्यास आभाळात एक ताटली टांगणे अवघड नसावे.' नाबरांनी ते पत्र तीनदा वाचलं. हाच माणूस तो फोटो नेताना रडला होता, आणि नको नको म्हणत असता नाबरांच्या पायाला हात लावून गेला होता.

तिथून सगळं फिरलं. लोक अजूनही थांबत, पण आता डोळा मिचकावून थांबत. कुणी म्हणे ती हॉटेलातली बशी, कुणी म्हणे पितळी झाकण दोरीने टांगलं. ज्यांच्या घरात नाबरांनी बसवलेले आजोबा भिंतीवर होते तेच सगळ्यात मोठ्याने हसत होते. आणि गुप्ते, ज्यांनी फोटो पेपरात नेला, ते एका सकाळी चहा पिता पिता खालच्या आवाजात म्हणाले, "आता मला तरी सांग ना यार. कशी केलीस? मी कुणाला बोलणार नाही."

"केली नाही रे! होती ती!"

"बरं, नको सांगू. पण काम झकास आहे."

नाबरांचं डोकं सणकलं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. हा माणूस कौतुक करत होता.

शेवटी पेपरवाल्यांनीच तोडगा काढला. अनंत कारखानीस नावाचे पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक काच तपासतील आणि ते सांगतील ते छापू. नाबरांना हायसं वाटलं. काच खरी होती, मग भीती कशाची? भीती एकच होती, की पाहणारे ते एकटे होते. प्राध्यापक यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी, पद्मजाबाई तांदूळ निवडत होत्या तेव्हा ते जवळ जाऊन बसले.

"उद्या ते तुलाही विचारतील."

"विचारू देत."

"तू वळलीस तेव्हा काही तरी दिसलंच असेल. जाता जाता. कडेला."

"नाही दिसलं."

"अगं, पण होतं ना ते! जे होतं ते पाहिलं म्हणायला काय हरकत आहे?"

पद्मजाबाईंनी सूप खाली ठेवलं. "जे मी पाहिलं नाही ते पाहिलं कसं सांगू? तुम्ही मला सांगू नका तसं."

नाबर उठून गेले. बायको आपल्या बाजूने एक वाक्य बोलत नाही याचा त्यांना इतका राग आला की रात्री त्यांनी ताटात वाढलेलं तसंच ठेवलं.

प्राध्यापक कारखानीस सज्जन होते. चपला बाहेर काढून आत आले, पाणी प्यायले, खिडकीशी बसले आणि खिशातून स्वतःचं भिंग काढून काच अर्धा तास पाहत राहिले. मग शांतपणे विचारलं, "चेहऱ्यावर पेन्सिल आहे ना?"

"टचिंग आहे," नाबर म्हणाले. "ते आम्ही सगळ्यांनाच करतो. आभाळ बघा ना तुम्ही! आभाळ काचेवर उलटं, काळंभोर येतं. त्यात करडी वस्तू काढायची तर पेन्सिलीने निघतच नाही, चाकूने खरवडावं लागतं. खरवडल्याची एक तरी खूण दाखवा."

"खरवडल्याची खूण नाही," प्राध्यापकांनी कबूल केलं. "पण कडेचा उजळपणा पेन्सिलीने आणता येतो. तुमच्यासारख्या हाताला तर सहज."

"अहो, पण मी आणला नाही!"

"तसं मी म्हणतच नाही. एवढंच की, हात लागलेली काच पुरावा म्हणून कशी धरायची?" मग ते दारात उभ्या असलेल्या पद्मजाबाईंकडे वळले. "बाई, आपण ती वस्तू पाहिलीत?"

"नाही."

"अगदी आपल्या पाठीशी असून?"

"यांनी हलू नकोस म्हटलं होतं."

प्राध्यापकांनी ते वहीत लिहून घेतलं. पद्मजाबाई आणखी काही तरी बोलणार होत्या असं दिसलं, पण तोवर प्राध्यापकांनी वही मिटून भिंगाला कापड गुंडाळायला सुरुवात केली होती.

त्यांच्या अहवालात सगळं होतं म्हणतात. खरवडल्याच्या खुणा नाहीत हेही होतं, बनाव सिद्ध होत नाही हेही होतं. पेपरात आलं ते असं: 'तबकडीच्या फोटोवर पेन्सिलीची करामत. पत्नीनेही काही पाहिले नाही.' खाली आठ ओळी. नाबरांनी संपादकांना चार पानी पत्र लिहिलं, मग सहा पानी लिहिलं. एकाचंही उत्तर आलं नाही.

त्या दिवशी घरात जे भांडण झालं तसं बावीस वर्षांत झालं नव्हतं.

"तुझ्यामुळे!" नाबर ओरडले. "तुझा तो व्रण पुसायला गेलो म्हणून! नसती लावली पेन्सिल तर आज कुणाची टाप नव्हती!"

"मी सांगितलं होतं पुसायला?" पद्मजाबाईंचा आवाजही चढला. "कधी तरी सांगितलंय? लग्नाच्या फोटोत पुसलात, तेव्हा विचारलंत? माझ्या आईने तो फोटो बघून काय म्हटलं ठाऊक आहे? ही कुणाची मुलगी, म्हणाली."

"चांगलं दिसावं म्हणून..."

"कुणाला? मला तो व्रण रोज आरशात दिसतो. माझं काही अडत नाही त्याच्याने."

नाबरांनी टेबलावरची घरातली प्रत उचलली आणि टराटरा फाडली. पद्मजाबाई आत निघून गेल्या. पुढे आठवडाभर त्या घरात जेवायला चला आणि अंघोळीला पाणी काढलंय, याखेरीज बोलणं झालं नाही.

गिऱ्हाइकं कमी होतील असं नाबरांना वाटलं होतं. कमी झाली असती तर निदान लोकांनी आपल्याला लबाड धरलंय एवढं तरी समाधान मिळालं असतं. झालं उलटंच. लोक तबकडी मागायला येऊ लागले. एकाला आपल्या नव्या मोटारसायकलीच्या वर पाहिजे होती. एकाला जुहूच्या वाळूत मेव्हणीच्या मागे. आणि एक दिवस गुप्ते गच्चीतला आपला फोटो घेऊन हजर. "पाहुण्यांना दाखवायला रे. छोटीशीच टाक. तुला काय, हातचा मळ."

"चालता हो," नाबर म्हणाले.

"अरे, रागावतोस काय? कला आहे तुझ्या हातात!"

"चालता हो म्हणतो ना!"

गुप्ते गेले. नाबरांनी उठून मागच्या अंगणात चूल पेटवली.

दर वर्षी संक्रांतीच्या सुमाराला ते जुन्या काचा धुऊन काढत. स्टुडिओत जागा ती किती, आणि काच महाग. ज्यांचा फोटो पुन्हा कुणी मागणार नाही अशा काचा सोड्याच्या कढत पाण्यात टाकल्या की वरचं चित्र सायीसारखं सुटून येतं आणि खाली स्वच्छ काच राहते. ती फ्रेमला लावायला उपयोगी पडते. त्या दिवशी घंगाळात चाळीस काचा गेल्या. मार्व्याची काच नाबरांनी सगळ्यात शेवटी टाकली आणि पाठ फिरवून उभे राहिले. आधी तबकडी सुटली की आधी पद्मजा, ते त्यांनी पाहिलं नाही. मग ब्रशने एकेक काच घासली, पुसली, उन्हात उभी केली.

दुसऱ्या दिवशी मरोळच्या शेवंतीबाईंचा फोटो फ्रेममध्ये बसवायचा होता. नवरा, धोंडू, गिरणीत होता, गेल्या शिमग्याच्या आधी वारला. मागे फोटो होता तो फक्त गिरणीच्या पासावरचा, अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा. नाबरांनी तो वाढवून, कोट चढवून शेवंतीबाईंच्या शेजारी बसवला होता. मार्व्याच्या काचेचं माप त्या फोटोला तंतोतंत बसत होतं. नाबरांनी कडेचा फुटका टवका पाहून ती ओळखली, आणि मुद्दाम तीच लावली. लागू दे कामाला, म्हणाले. शेवंतीबाईंचा मुलगा दशरथ येऊन फ्रेम घेऊन गेला.

त्याच आठवड्यात पेपरच्या कचेरीतून एक पाकीट आलं. छापून झालेली प्रत परत केली होती, दुसरी गहाळ झाल्याबद्दल दिलगीर होते. पद्मजाबाईंनीच पाकीट फोडलं. प्रत कात्रीने कापलेली होती. वर आभाळ, आभाळात ती ताटली, आणि अगदी खालच्या कडेला, वाऱ्याने वर उडालेल्या पदराचं एक टोक.

"यात मी नाहीच," त्या म्हणाल्या.

नाबर मेजावरच्या पेन्सिली गोळा करायला लागले.

"मला एक प्रत काढून द्या. अख्खी. चांगला आला होता तो. मी हसत होते त्यात."

"काच नाही."

"नाही म्हणजे?"

"धुतली."

पद्मजाबाई खुर्चीवर बसल्या. कापलेली प्रत त्यांच्या हातातच होती. त्या रागावतील म्हणून नाबर वाट पाहत राहिले. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं.

मग त्या म्हणाल्या, "त्या प्राध्यापकांनी मला भलतंच विचारलं. ती वस्तू पाहिलीत का, म्हणाले. मी कशी पाहणार? मी तुमच्याकडे बघत होते."

"मग?"

"मग काय? तुम्ही फुगा धरून उभे राहता तेव्हा समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून नजर काढता का कधी? घर जळालं तरी काढायचा नाहीत. त्या दिवशी काढलीत. माझ्या डोक्यावरून वर बघत होतात, तोंड उघडं, रंग उडालेला. हलू नकोस म्हणालात तेव्हा आवाज तुमचा नव्हताच. तुम्ही असे एकदाच दिसला होतात, नलू जन्मली तेव्हा. तुम्ही काही तरी पाहिलंत, हे मला तिथेच, धक्क्यावरच कळलं. काय पाहिलंत ते देव जाणे. पण पाहिलंत."

नाबर दोन पावलं पुढे आले. "हे त्यांना सांगायचं होतंस!"

"त्यांनी वही मिटली."

"मग मला सांगायचंस! महिना होत आला! मी वेडा झालो इथे!"

"तुम्ही मला खोटं बोल म्हणत होतात," पद्मजाबाई म्हणाल्या. "काय पाहिलंस असं विचारलंत कुठे?"

नाबरांनी खुंटीवरची टोपी घेतली, सायकल काढली आणि भर दुपारी मरोळच्या रस्त्याला लागले. कशासाठी, हे त्यांना नीट सांगता आलं नसतं. कधी कधी घाईत धुतलेल्या काचेवर कोपऱ्यात पुसटसं काही राहून जातं. एखादा डोळा, एखादी साडीची कड. त्यांनी शेकडो काचा धुतल्या होत्या, असं तीन-चारदा झालं होतं. चढावर दम लागला तरी ते उतरले नाहीत.

शेवंतीबाई खोलीत एकट्याच होत्या. भिंतीवर फ्रेम, फ्रेमला झेंडूची माळ. नाबरांनी "जरा बघतो हं," म्हणून माळ बाजूला केली, फ्रेम उतरवली, मागचे खिळे नखांनी उचकटून काच बाहेर काढली आणि दारात येऊन उन्हाला धरली. सरळ धरली, तिरपी धरली. कडा पाहिल्या, चारी कोपरे पाहिले. पलीकडचं कौलारू छप्पर दिसत होतं, त्यावर वाळत घातलेली गोधडी दिसत होती. काच लख्ख होती. नाबरांनी काम कधी अर्धवट ठेवलं नव्हतं.

"काय बघतास, मास्तर?" शेवंतीबाईंनी घाबरून विचारलं. "काय बिघाड झालो काय?"

"नाही. धूळ होती जराशी."

त्यांनी काच पुन्हा बसवली, खिळे दाबले, फ्रेम भिंतीला लावली, माळ घातली. शेवंतीबाई पुढे आल्या आणि पदराने हात पुसून फ्रेमसमोर उभ्या राहिल्या. ज्या माणसाने आयुष्यात कोट घातला नव्हता तो धोंडू कोट घालून त्यांच्या शेजारी बसला होता, आणि काचेत, धोंडूच्या खांद्याशी, नाबरांचा स्वतःचा घामेजलेला चेहरा दिसत होता.

"कायव म्हणा मास्तर," शेवंतीबाई म्हणाल्या, "फोटो काढूचो तर तुमीच. माझो घोव किती खरो दिसता."

नाबर "हो" म्हणाले. फ्रेम डावीकडे जराशी कलली होती, ती त्यांनी सरळ केली.